वीस बस म्हणजे चालक किती?

प्रश्न थोडक्यात असा आहे. भांडुपच्या एका बसमालकाकडे शाळांच्या आणि कंपन्यांच्या मिळून चौदा बस आहेत. आता शहरातल्या सार्वजनिक बससेवेला वीस मिडी, म्हणजे मध्यम आकाराच्या, बस चालकासह भाडेतत्त्वावर द्यायची निविदा भरावी, असं त्यांच्या मनात आहे. वाहक उपक्रमाचा, म्हणजे ती बससेवा चालवणाऱ्या संस्थेचा, चालक यांचे. ते विचारतात: कामगार खात्याची कोणकोणती लायसन्स काढावी लागतात? चालकाला कमीत कमी पगार किती? आणि चालक फेरीच्या हिशोबाने ठेवले तर पीएफची भानगड टळते का?

मी कंत्राटदारांच्या बाजूने कामगार कायद्याचं काम बघतो. हजेरीपत्रकं, चलनं, इन्स्पेक्टरच्या नोटिशीला उत्तरं, हेच रोजचं. त्यामुळे हे उत्तर वकिलाचं कमी आणि कारकुनाचं जास्त वाटेल.

पहिली गोष्ट म्हणजे, लायसन्स हा तुमच्या प्रश्नातला सगळ्यात सोपा भाग आहे. कागद नीट असतील तर ती मिळतात. खरा प्रश्न तुम्ही विचारलेलाच नाही, तो म्हणजे प्रति किलोमीटर दर भरताना एका बसमागे किती चालक धरायचे. निविदेतला दर एकदा लागला की करार संपेपर्यंत तोच गळ्यात असतो. बसची किंमत, बँकेचा हप्ता, विमा, टायर यांचा हिशोब मालक लोक पैशापैशापर्यंत करतात आणि चालकाच्या रकान्यात डोळे झाकून 'दोन' लिहितात. दोन पाळ्या, दोन चालक. इथेच घोटाळा होतो.

कागदावर मांडून बघा. बस वर्षाचे ३६५ दिवस दोन पाळ्यांत चालली तर ७३० पाळ्या भराव्या लागतात. आता एक चालक वर्षात किती पाळ्या भरतो? ३६५ मधून आठवड्याच्या ५२ सुट्ट्या गेल्या, उरले ३१३. वीस दिवस कामाला एक दिवस भरपगारी रजा, म्हणजे साधारण पंधरा गेल्या. राष्ट्रीय आणि सणांच्या सुट्ट्या आठ धरा. आजारपण, घरचं कार्य, गावाला अडकणं यात दहा तरी जातातच. हाती उरतात २८०. सातशे तीस भागिले दोनशे ऐंशी, म्हणजे बसमागे २.६ चालक. वीस बसला चाळीस नव्हे, बावन्न.

फरक पैशात बघा. एका चालकावर सगळं धरून महिना तीस हजार खर्च होतो आणि बस दिवसाला १८० किलोमीटर, म्हणजे महिन्याला ५,४०० किलोमीटर धावते असं समजू. दोन चालकांचे साठ हजार म्हणजे किलोमीटरला ११ रुपये ११ पैसे. २.६ चालकांचे अठ्ठ्याहत्तर हजार म्हणजे १४ रुपये ४४ पैसे. किलोमीटरमागे सव्वातीन रुपयांहून जास्त फरक, आणि वीस बसवर महिन्याला ३ लाख ६० हजार. निविदेत लोक पंचवीस-पन्नास पैशांवरून एकमेकांना पाडतात. हा फरक दरात धरला नसेल तर तो कुठून तरी निघतो. बहुधा चालकाच्या झोपेतून.

२.६ हा आकडा दगडावरची रेघ नाही. बस सोळा तास चालणार की अठरा, रविवारी फेऱ्या कमी आहेत का, इलेक्ट्रिक असेल तर दुपारी चार्जिंगला किती वेळ उभी राहणार, यावर तो हलतो. तुमची माणसं कुठली आहेत यावरही हलतो. चालक कोकणातले जास्त असतील तर गणपतीत आणि शिमग्याला अर्धा डेपो रिकामा होतो. उत्तरेकडचे असतील तर छठला. कारणे दाखवा नोटीस काढून कोणी थांबत नाही. म्हणून सगळे एकाच भागातले भरू नका, एवढं सांगेन.

आता तासांकडे येतो, कारण सगळ्यात जास्त भांडणं इथली असतात. मोटार वाहतूक कामगारांचा १९६१ चा कायदा होता, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्यावर तो व्यावसायिक सुरक्षितता, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत विलीन झाला. जुने नियम नव्या संहितेशी विसंगत नसतील तिथवर चालू राहतात, म्हणून खात्यात सध्या दोन्ही बोली ऐकू येतात. गाभा मात्र तोच आहे: दिवसाला आठ तास, आठवड्याला एक सुट्टी, जादा कामाला दुप्पट दर. जुन्या कायद्यात आठवड्याला ४८ तासांची मर्यादा, सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती, आणि पहिल्या हजेरीपासून शेवटच्या सहीपर्यंतचा पसारा बारा तासांच्या आत, अशी चौकट होती. ड्युटीचे चार्ट आजही त्याच चौकटीत बसवावेत.

कामाचे तास म्हणजे स्टेअरिंगवरचे तास नव्हेत. गाडी चालवण्याचा वेळ, गाडी ताब्यात घेणं, तपासणं, नोंदवहीत सह्या करणं, गाडी परत लावणं हा जोडकामाचा वेळ, आणि टर्मिनसवर पंधरा मिनिटांपेक्षा कमी थांबा असेल तर तो थांबासुद्धा, हे सगळं कामात मोजलं जातं. १९६१ च्या कायद्यातलीच ही व्याख्या नव्या संहितेनेही उचलली आहे.

सकाळच्या पाळीचं एक उदाहरण घ्या. साडेपाचला डेपोत हजेरी. टायर, वायपर, दरवाजे, बॅटरी किंवा गॅस बघून पाच पन्नासला गेटबाहेर. पहिल्या स्टॉपपर्यंत रिकामी धाव. मग एलबीएस रोडने खाली-वर फेऱ्या. टर्मिनसला दहा मिनिटं मिळतात, त्यात चहा आणि लघवी उरकायची. तुमचा सुपरवायझर ही दहा-दहा मिनिटं 'विश्रांती' म्हणून लिहितो. ती विश्रांती नाही, काम आहे. चार्टप्रमाणे सुटायची वेळ दुपारी दीड. मेट्रोचं काम, उलट दिशेने घुसलेल्या रिक्षा, कुर्ल्याचा जॅम, आणि गाडी लागते दोन वीसला. पन्नास मिनिटं जादा. महिन्याला २६ ड्युट्या धरल्या तर साडेएकवीस तासांच्या वर. दुप्पट दराने हा पाच दिवसांहून अधिक पगार झाला, दर चालकामागे, दर महिन्याला. हा ओव्हरटाइम अपवादाने येत नाही, तो मुंबईच्या रस्त्यात मुरलेला आहे. दरात धरा, नाहीतर उपक्रमाशी बोलून चार्टमधला फेरीचा वेळ वाढवून घ्या. दुसरा उपाय लांब पल्ल्याचा वाटतो, पण चांगला स्टार्टर, म्हणजे टर्मिनसवर बस सोडणारा माणूस, आणि तीन महिन्यांच्या नोंदी हाताशी असतील तर होतो.

आणि ओव्हरटाइम लपवता येईल अशा भ्रमात राहू नका. बसवर जीपीएस आहे. गाडी डेपोतून किती वाजता निघाली आणि कधी परतली हे उपक्रमाच्या सर्व्हरवर आहे. तुमच्या हजेरीत आठ तास आणि जीपीएसवर साडेनऊ, अशी दोन पत्रकं कामगार आयुक्तांपुढे शेजारी ठेवली की पुढे बोलायला काही उरत नाही.

गर्दीच्या वेळेची स्प्लिट ड्युटी, म्हणजे सकाळी चार तास आणि संध्याकाळी चार तास, कायद्यात बसते. दोनच तुकडे आणि बारा तासांचा पसारा, एवढं पाळावं लागतं. पण मधल्या वेळात तो माणूस जाणार कुठे? चालक नालासोपारा, टिटवाळा, बदलापूरकडून येतात. घरी जाऊन परत येणं शक्य नसतं. डेपोत पंखा, पाणी, संडास आणि आडवं व्हायला जागा नसेल तर तो बसच्या शेवटच्या सीटवर झोपतो आणि संध्याकाळी तुमची गाडी चालवतो. नव्या संहितेत कंत्राटी कामगारांच्या सोयींची जबाबदारी मुख्य मालकावर, म्हणजे इथे उपक्रमावर, टाकली आहे. तरी डेपोतली कोणती खोली तुमच्या चालकांना मिळणार हे करारात लिहून घ्या. तोंडी आश्वासनावर खोली मिळत नाही.

पगार. किमान वेतन हे मूळ दर अधिक महागाईनुसार ठरणारा विशेष भत्ता असं असतं, आणि महाराष्ट्रात विशेष भत्ता जानेवारी आणि जुलै असा वर्षातून दोनदा बदलतो. मुंबईचा दर पहिल्या परिमंडळाचा. ताजा आकडा कामगार विभागाच्या पत्रकातूनच घ्या, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा नको. पण खरं सांगायचं तर किमान वेतनावर अवजड वाहनाचं लायसन्स आणि बॅज असलेला चालक मुंबईत टिकत नाही. शाळेची बस किंवा कंपनीची गाडी त्याला जास्त देते आणि तिथे रस्त्यावरच्या शिव्याही कमी. तेव्हा किमान वेतन ही तळरेषा, बाजारभाव वेगळा.

पगाराची रचना करताना एक जुनी सवय सोडावी लागेल. मूळ पगार इवलासा आणि बाकी सगळे भत्ते, असं करून पीएफ वाचवायची पद्धत होती. आता वेतनाच्या व्याख्येप्रमाणे भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले तर वरचा भाग वेतनातच मोजला जातो. त्यावर पीएफ मालकाचा १२ टक्के आणि प्रशासन शुल्क व विमा मिळून आणखी एक, वेतन २१,००० च्या आत असेल तर ईएसआयसी, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याचा हप्ता, ३.२५ टक्के, बोनस किमान ८.३३, ग्रॅच्युइटी ४.८१. बेरीज तिशीला टेकते. वेतन २१,००० च्या वर गेलं आणि ईएसआयसी सुटलं तर आनंदून जाऊ नका, कारण अपघाताची नुकसानभरपाई मग थेट तुमच्या अंगावर येते. त्याची वेगळी पॉलिसी काढावी लागते. ग्रॅच्युइटीलाही 'पाच वर्षं कोण टिकतंय' म्हणून शून्य लिहू नका. मुदतीच्या नेमणुकीवरच्या कामगाराला आता एका वर्षानंतर ती लागू होते, आणि करारापुरती नेमणूक म्हणजे बहुधा तीच.

फेरीवर चालक ठेवले तर पीएफ टळतो का? नाही. पगार महिन्याने द्या, रोजाने द्या, फेरीने द्या, गाडी तुमची, ड्युटी तुमची, गणवेश तुमचा, तर माणूसही तुमचाच. वीसपेक्षा जास्त माणसं आहेत, म्हणजे पीएफ लागू आहेच. आणि तुमच्या आताच्या चौदा बसची माणसंही त्याच आस्थापनेत मोजली जातील, फक्त नवी नव्हे. पंधरा हजारांवर वेतन असलेल्या आणि आधी कधीच सभासद नसलेल्या माणसाला वगळता येतं, पण चालक बहुधा यूएएन, म्हणजे पीएफ खात्याचा कायमचा क्रमांक, घेऊनच येतो. फेरीवर पैसे द्यायला माझा याहून मोठा आक्षेप दुसरा आहे. फेरीवर कमावणारा चालक स्टॉप गाळतो, सिग्नल तोडतो आणि जेवायला थांबत नाही. त्याला दोष देता येत नाही, रचना तुम्ही केलीत.

लायसन्सचं पटकन सांगतो. आस्थापनेची नोंदणी, पीएफ आणि ईएसआयसीचे कोड, व्यवसाय कर, कामगार कल्याण निधी, आणि कंत्राटी कामगार ५० किंवा जास्त असतील तर कंत्राटदाराचं लायसन्स. महाराष्ट्रात पन्नासची मर्यादा राज्याच्या दुरुस्तीमुळे आधीपासून होतीच, नव्या संहितेतही तीच आहे. इथे वरचा हिशोब परत आठवा. 'चाळीस चालक आणि चार-पाच सफाईवाले, म्हणजे लायसन्स नको' असं म्हणून लोक निविदा भरतात, आणि बावन्न चालक घेतले की मर्यादा ओलांडलेली असते. सुपरवायझरच्या हाताखालचे क्लीनर, वॉशिंगवाले, मेकॅनिक, सगळे मोजले जातात. प्रत्येकाला नेमणूकपत्र द्या, मराठीत द्या, आणि पोच घ्या. चालकाचं मूळ लायसन्स 'जाऊ नये म्हणून' कपाटात ठेवायची प्रथा काही ठिकाणी आहे. ती ताबडतोब बंद करा. ते लायसन्स त्याच्या खिशात असायला हवं, रस्त्यावर पोलीस त्यालाच विचारणार.

उपक्रम या सगळ्यात का डोकावतो हे समजून घ्या. कंत्राटदाराने वेतन दिलं नाही तर ते देण्याची जबाबदारी मुख्य मालकावर येते आणि तो ते तुमच्या बिलातून वसूल करतो. म्हणून दर बिलासोबत मागच्या महिन्याची पीएफ-ईएसआयसीची चलनं आणि बँकेतून पगार गेल्याचा पुरावा मागतात. चलन नाही तर बिल अडकतं, बिल अडकलं की पगार अडकतो, पगार अडकला की बस डेपोतच राहते, आणि बस उभी राहिली की दंड. पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत द्यायचा असतो, बिल मंजूर झालंय की नाही हे कायदा विचारत नाही. निदान तीन महिन्यांचा पगार खेळतं भांडवल म्हणून बाजूला ठेवता येत नसेल तर माझं मत स्पष्ट आहे, वीस बस घेऊ नका, दहा घ्या.

आता दंड. करारात प्रत्येक गोष्टीला दंड असतो: फेरी चुकली, स्टॉप गाळला, बस अस्वच्छ, एसी बंद. कंत्राटदार काय करतो? तो दंड जसाच्या तसा चालकाच्या पगारातून कापतो. हे चालत नाही. वेतन संहितेप्रमाणे दंड हा वेतनाच्या तीन टक्क्यांच्या आत, ठरवून जाहीर केलेल्या चुकांनाच, आणि माणसाचं म्हणणं ऐकून घेतल्यावरच लावता येतो. दंडाची रक्कमही कामगारांच्या हितासाठीच वापरायची असते, ती तुमच्या खिशात जात नाही. नुकसानीची कपात वेगळी, पण ती झालेल्या नुकसानीपुरतीच आणि निष्काळजीपणा दाखवता आला तरच. एसी बिघडला तर चालकाचा काय संबंध? पीएफसकट सगळ्या कपाती मिळून वेतनाच्या निम्म्याच्या वर जाता येत नाही. उपक्रमाने तुम्हाला लावलेला दंड हा धंद्याचा खर्च आहे. टक्का-दोन टक्के दरातच धरा.

प्रशिक्षणाचा खर्च मुंबईत आता कोणी हसण्यावारी नेत नाही. ९ डिसेंबर २०२४ ला कुर्ल्यात बेस्टच्या ताफ्यातल्या भाडेतत्त्वावरच्या इलेक्ट्रिक बसने गर्दीत घुसून माणसं चिरडली, आणि त्यानंतर क्लच-गिअरच्या गाडीवर आयुष्य काढलेल्या चालकाला ऑटोमॅटिक इलेक्ट्रिक बस देण्याआधी किती शिकवलं जातं, हा प्रश्न चव्हाट्यावर आला. वीस वर्षांचा अनुभव असलेला चालकसुद्धा त्या गाडीपुरता नवखाच असतो. प्रवाशांविना त्याच प्रकारच्या गाडीवर, शक्य तर त्याच मार्गावर, आधी सराव द्या, आणि त्या दिवसांचा पगार द्या. प्रशिक्षणाची तारीख, शिकवणाऱ्याची सही, चालकाची सही अशी वही ठेवा. काही झालं तर पोलीस पहिल्यांदा तीच मागतात.

पावसाळा विसरू नका. हिंदमाता, सायन, अंधेरी सबवे भरला की फेऱ्या रद्द होतात आणि किलोमीटर बुडतात, पण हजेरी लावून बसलेल्या चालकाचा पगार बुडत नाही. करारात हमीचे किलोमीटर किती, आणि अतिवृष्टीच्या दिवशी ते मिळतात का, हे वाचा. तिकिटाचं उत्पन्न उपक्रमाचं असतं, तुम्हाला किलोमीटरचेच पैसे मिळतात. मे २०२५ मध्ये बेस्टचं किमान भाडं पाचवरून दहा रुपये झालं तेव्हा मला दोघा-तिघा मालकांनी 'आता दर वाढणार का' असं विचारलं होतं. त्याचा तुमच्या दराशी काही संबंध नाही.

शेवटची बाजू समान कामाच्या समान वेतनाची. तुमचा चालक आणि उपक्रमाचा कायम चालक एकाच मार्गावर, एकामागोमाग एक बस चालवतात आणि टर्मिनसला एकाच बाकावर पगाराच्या गप्पा मारतात. ऑगस्ट २०२३ मध्ये भाडेतत्त्वावरच्या बसचे चालक पगारवाढीसाठी जवळपास आठवडाभर संपावर गेले आणि प्रकरण मुख्यमंत्र्यांपर्यंत पोचलं. कंत्राटी कामगाराला आपोआप कायम करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००१ च्या स्टील अथॉरिटीच्या निकालात सांगितलं आहे. पण कंत्राट निव्वळ दिखाऊ ठरलं तर गणित बदलतं. म्हणून चालकांची नेमणूक, रजा, शिस्त हे सगळं खरोखर तुमच्याच हातात असू द्या. डेपोतल्या अधिकाऱ्याने 'उद्यापासून याला घेऊ नका' म्हटलं आणि तुम्ही तसंच केलं, तर मालक कोण हा प्रश्न उभा राहतो.

एवढं झाल्यावर निविदापूर्व बैठकीला जा आणि तीन गोष्टी लेखी विचारा. दरवाढीच्या सूत्रात फक्त इंधन किंवा वीज आहे, की किमान वेतनातला विशेष भत्ताही आहे? वेतनाबाबत पुढे एखादा करार किंवा आदेश झाला तर त्याचा बोजा कोणावर? आणि करार मुदतीआधी थांबला तर चालकांची देणी भागवायला तुमची अडकलेली बिलं किती दिवसांत मोकळी होतील? कामावरून कमी केलेल्या माणसाचा हिशोब तुम्हाला दोन कामाच्या दिवसांत चुकता करायचा असतो. पहिल्या प्रश्नाला 'फक्त इंधन' असं उत्तर आलं, तर करार जितक्या वर्षांचा तितक्या वर्षांची पगारवाढ आजच्याच दरात धरावी लागेल, आणि मग तुमचा दर बहुधा सगळ्यात कमी राहणार नाही. तरीही तोच भरा. निविदेचा मसुदा हाती आला की दंडाचं कलम आणि दरवाढीचं सूत्र, नावं काढून, कळवा. त्यावर नेमकं बोलता येईल.